‘पालकांनाच मराठी शाळा नको आहेत’ : एका वाक्याचा इतिहास

“पालकांनाच मराठी शाळा नको आहेत, त्याला सरकार काय करणार?”

हे वाक्य तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. मंत्री म्हणतात, शिक्षणाधिकारी म्हणतात, संस्थाचालक म्हणतात. पोरांना इंग्रजी माध्यमात घालून २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे मेसेज पाठवणारे आपणही म्हणतो. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा महाराष्ट्र उसळून उठला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. चांगलंच झालं. पण गावातली चौथीपर्यंतची मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद होते तेव्हा असं काही उसळत नाही. तिथे हे वाक्य येतं आणि विषय संपतो.

मला या वाक्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. हे वाक्य खरं की खोटं, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ते बोलता येण्यासाठी आधी तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पालक म्हणजे गिऱ्हाईक. शाळा म्हणजे दुकान. आणि भाषा म्हणजे त्या दुकानातला माल, खपला तर ठेवायचा, नाही खपला तर काढून टाकायचा. ही गृहीतकं आपल्याला आज इतकी स्वाभाविक वाटतात की ती कुणीतरी, कधीतरी घडवली असतील हे लक्षातच येत नाही. पण त्यांना तारखा आहेत, जीआर आहेत, कायदे आहेत. त्या तारखांची ही गोष्ट. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. ‘पूर्वी सगळे मराठीवर प्रेम करायचे, आता इंग्रजीच्या मागे लागले’ असं काही नाहीये. इंग्रजी की मराठी हे भांडण मुंबई इलाख्यात दोनशे वर्षं चालू आहे.

१८२३ मध्ये मुंबईत जॉर्ज जर्व्हिस नावाच्या अधिकाऱ्याने अभियांत्रिकीचं शिक्षण मराठीतून सुरू केलं होतं. त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत करून घेतली. आज मराठीतून इंजिनिअरिंग म्हटलं की लोक हसतात, म्हणून हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे १८४० च्या दशकात इलाख्याच्या शिक्षण मंडळात जोरदार वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं मत होतं की उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचं म्हणणं, लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर देशी भाषेतूनच पोचेल. पेरी यांच्या बाजूमागे एक हिशेब होता: पैसा थोडा आहे, तो वरच्या थोड्या लोकांवर खर्च करू, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल.

झिरपेल! हा शब्द ओळखीचा वाटतो ना? अर्थशास्त्रात तो नंतर फार गाजला.

या झिरपण्याच्या सिद्धांतावर सगळ्यात नेमका घाव घातला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं ते प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावं. त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. अभ्यासक्रमात काय हवं तेही सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको. वरच्या शाळांतलं शिक्षण कारकून आणि मास्तर तयार करण्यापुरतं आहे, रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग नाही, असंही त्यांनी बजावलं.

आता गंमत बघा. हेच फुले दांपत्य इंग्रजीच्या विरोधात अजिबात नव्हतं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. ज्यांना संस्कृतने दारात उभं केलं नाही, त्यांना इंग्रजी ही सुटकेची वाट वाटली आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे आज एखादी घरकाम करणारी बाई ‘पोराला इंग्रजी आलंच पाहिजे’ म्हणते तेव्हा तिला मराठीद्रोही ठरवणाऱ्यांनी जरा थांबावं. तिची मागणी जुनी आहे, न्याय्य आहे.

फरक एवढाच, की ही मागणी फुल्यांनी कुणाकडे केली? सरकारकडे. शाळा, शिक्षक, भाषा, पुस्तक हे सगळं राज्याने द्यायचं, कारण राज्य आमच्या घामावर चालतं. पुढची पन्नास वर्षं हाच वाद वेगवेगळ्या रूपात झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ‘खर्च कोण करणार’ हा आक्षेप तेव्हाही होता. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. म्हणजे शाळा नको म्हणणारे पालक तेव्हाही होते! ‘पालकांनाच शाळा नकोय, मी काय करणार’ असं म्हणायची सोय महाराजांनाही होती. ते तसं म्हणाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचा एक खटला मला या सगळ्या गोष्टीच्या मधोमध उभा दिसतो. १९५४ च्या जानेवारीत मुंबई राज्य सरकारने आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांच्याच मुलांना प्रवेश द्यायचा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची संस्था कोर्टात गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. हिंदी वाढवायची असेल तर वाढवा, पण त्यासाठी भाषेच्या कारणावरून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही, हा निकालाचा गाभा. म्हणजे प्रश्न नागरिकाच्या समान प्रवेशाचा होता. हा निकाल लक्षात ठेवा, साठ वर्षांनी आपण पुन्हा त्याच न्यायालयात जाणार आहोत.

आता थोडं महाराष्ट्राबाहेर. १९५५ मध्ये मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शिक्षणातल्या सरकारच्या भूमिकेवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने शिक्षणासाठी पैसा द्यावा, पण शाळा सरकारनेच चालवायची गरज नाही. पालकाच्या हातात व्हाउचर द्या, तो त्याला हवी ती शाळा निवडेल, शाळांमध्ये स्पर्धा होईल, चांगली टिकेल, वाईट बंद पडेल. फ्रीडमन त्याच वर्षी भारतातही येऊन गेला होता आणि आपल्या सरकारला आर्थिक धोरणावर टिपण देऊन गेला, पण तेव्हा त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढच्या दहा वर्षांत थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी ‘मानवी भांडवल’ ही कल्पना रुजवली. शिक्षण म्हणजे माणसाने स्वतःत केलेली गुंतवणूक, आणि तिचा परतावा म्हणजे पुढे मिळणारा पगार.

ही माणसं दुष्ट होती असं मला म्हणायचं नाही. शिक्षणाने उत्पन्न वाढतं हे खरंच आहे. प्रश्न येतो तो हीच एक फूटपट्टी उरते तेव्हा. शिक्षण ही गुंतवणूक असेल तर ती ज्याची त्याने करायची. परतावा त्याला मिळणार तर खर्चही त्याचाच. आणि भाषा? तिचंही मग ‘मार्केट’ बघायचं. कोणत्या भाषेला परतावा जास्त? मराठीला किती, इंग्रजीला किती? ज्याला आपण नवउदारमतवाद असं जडजंबाल नाव देतो, तो शाळेच्या फाटकातून आत येतो तो असा, एका साध्या हिशेबाच्या रूपात.

आपल्याकडे हा विचार आला तेव्हा त्याने आधी शब्द बदलले. १९८५ मध्ये दिल्लीतल्या शिक्षण मंत्रालयाचं नाव ‘मनुष्यबळ विकास मंत्रालय’ झालं, ते २०२० पर्यंत तसंच राहिलं. पस्तीस वर्षं या देशाला शिक्षणमंत्री नव्हता, मनुष्यबळ मंत्री होता! २००० साली पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योगविषयक परिषदेसाठी शिक्षणसुधारणांचा एक आराखडा तयार झाला. तो करणारे होते मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला. शिक्षणाचं धोरण उद्योगपतींनी आखावं, यात तेव्हा फारशा कुणाला वावगं वाटलं नाही.

महाराष्ट्रात तर ही शब्दांची मिरवणूक १९९१ च्याही आधी सुरू झाली होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. ग्रामीण भागातली मुलं इंजिनिअर झाली, हे त्याचं श्रेय आहेच. पण तिथून सरकारी मराठीत शब्दांची जी रांग लागली ती बघा: अनुदानित, विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित.

चार शब्द. पहिल्यात सरकार म्हणतं, पैसे आम्ही देऊ. दुसऱ्यात म्हणतं, आत्ता नाही, पुढे बघू. तिसऱ्यात म्हणतं, कधीच देणार नाही. चौथ्यात तर ‘देणं’ हा विषयच संपतो, तुमचं तुम्ही बघा. ‘कायम’ हा शब्द काढायला मराठी शाळांच्या शिक्षकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, २००९ मध्ये तो निघाला. त्यानंतरही टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी ही माणसं आझाद मैदानावर बसतच राहिली. बिनपगारी शिकवत पोरं मोठी झालेले शिक्षक मी पाहिलेत. दिवसा वर्ग, संध्याकाळी दुसऱ्याच्या शेतात मजुरी.

आता २००० सालाकडे या. माझ्या मते हे या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं साल.

त्या वर्षीच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, त्यामुळे हा निर्णय किती मोठा होता हे मला कळतं. तेव्हा त्यावर खूप टीका झाली. पण मोऱ्यांची भूमिका फुल्यांच्या वाटेवरची होती, हे मान्य करायला हवं. श्रीमंतांची पोरं पहिलीपासून इंग्रजी शिकणार आणि बहुजनांची पोरं पाचवीपर्यंत वाट बघणार, हे का? मराठी शाळेतच इंग्रजी चांगलं शिकवा, मग कुणाला माध्यम बदलायची गरज पडणार नाही. तर्क चोख होता.

पण त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. ‘शिक्षण सेवक’ योजना. नव्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही, मानधन. किती? महिना ३,००० रुपये. ते १६,००० झालं २०२३ मध्ये. म्हणजे एका हाताने सरकारने म्हटलं, पहिलीच्या मुलाला परकी भाषा शिकवा. भाषाशिक्षणातलं हे सगळ्यात कौशल्याचं काम. आणि दुसऱ्या हाताने ते काम करणाऱ्या माणसाची किंमत पाडली. जो शिक्षक स्वतः पाचवीपासून, व्याकरण-भाषांतराच्या पद्धतीने इंग्रजी शिकला, त्याला थोडंफार प्रशिक्षण देऊन सहा वर्षांच्या मुलांसमोर उभं केलं. फुले मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी नको म्हणत होते, त्यामागचं कारण इथे कळतं. शिक्षक स्वस्त केला की भाषा महाग होते, कारण ती मग बाहेरून विकत आणावी लागते.

आणि झालंही तसंच. मराठी शाळेत इंग्रजी आलं पण धड शिकवलं गेलं नाही. पालकांनी काय केलं? जिथे इंग्रजीची पाटी होती तिथे गेले. पाटी लावणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करायला २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा होताच. गंमत म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं मराठी माध्यमाच्या नव्या शाळांना बृहत् आराखड्याचं कारण सांगून परवानगी मिळत नव्हती. त्यासाठी मराठी अभ्यास केंद्रासारख्या संस्थांना सरकारशी भांडावं लागलं. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये कायद्यात बदल करून कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा दिली गेली. त्याच महिन्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्या आसपास सरकारी शाळा बंद करायचा निर्णयही गाजत होता. एकाच महिन्यात एक दार उघडलं आणि दुसरं लावलं. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूहशाळा’ आणि पाठोपाठ ‘दत्तक शाळा योजना’ आली. ठरावीक रक्कम दिली की देणगीदाराला शाळेच्या नावाला आपलं नाव जोडता येईल, अशी सोय.

‘पालकांना मराठी शाळा नको आहेत’ हे वाक्य आता पुन्हा वाचा. एका दुकानाचा माल येणं बंद केलं, नोकर अर्ध्या पगारावर ठेवले, छप्पर गळकं ठेवलं. शेजारी दुसऱ्याला जागा दिली. आणि मग म्हटलं, बघा, गिऱ्हाईक इकडे येतच नाही.

शेजारच्या गोव्यात हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना धोरण ठरलं की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते मराठी, कोकणीसारख्या भाषांतून शिकवणाऱ्यांनाच. परिणाम? चर्चच्या संस्थांच्या कितीतरी शाळांनी प्राथमिक वर्गांचं माध्यम इंग्रजीवरून कोकणी केलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाचं दार उघडलं आणि गोव्यात भाषा सुरक्षा मंचाचं मोठं आंदोलन उभं राहिलं. पुढच्या वर्षी सरकार बदललं, तरी चर्चच्या त्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं. लोकांचं भाषेवरचं प्रेम १९९० मध्ये अचानक वाढलं आणि २०११ मध्ये आटलं, असं तर नाही ना? बदललं ते अनुदान. पैसा ज्या भाषेच्या पाठीशी उभा राहतो त्या भाषेची शाळा टिकते. ‘मागणी’ आकाशातून पडत नाही.

आता तो दुसरा खटला. कर्नाटक सरकारने पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवायची सक्ती केली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती रद्द केली. दोन कारणं दिली. एक, शिक्षणाचं माध्यम निवडणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग, आणि लहान मुलाच्या वतीने ते पालकाने निवडायचं. दोन, शाळा चालवणाऱ्या खासगी संस्थांचा व्यवसाय करण्याचा हक्क, म्हणजे घटनेचं कलम १९(१)(जी). शिक्षणसंस्था काढणं हा ‘व्यवसाय’ आहे, हे २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात आधीच ठरलेलं होतं.

१९५४ चा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे सरकार हरलं, दोन्हीकडे इंग्रजी शाळा जिंकल्या. पण १९५४ मध्ये मध्यभागी होता समान वागणुकीचा हक्क सांगणारा नागरिक. २०१४ मध्ये मध्यभागी आहेत निवड करणारा पालक आणि व्यवसाय करणारी संस्था. न्यायालयाला मी दोष देत नाही, सक्तीचा मार्ग मलाही पटत नाही. पण साठ वर्षांत आपली शिक्षणाची भाषाच कशी बदलली, ते या दोन निकालांत दिसतं. शिक्षण हक्क कायद्यात माध्यम ‘शक्य असेल तिथवर’ मातृभाषा असावं, असं लिहिलेलं आहे. हे ‘शक्य असेल तिथवर’ कोण ठरवतं? ज्याच्या हातात पैसा आहे तो.

इथपर्यंत वाचलंत तर एक विचाराल: मग काय झालं? मुलं इंग्रजी शिकली ना?

हाच तर खरा प्रश्न आहे. आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा मुलगा तिसरीत आहे. जवळच्या एका छोट्या इंग्रजी शाळेत जातो, फी भरायला ताई दोन जादा घरं करतात. एकदा त्याने मला तहानलेल्या कावळ्याची गोष्ट इंग्रजीत घडाघडा वाचून दाखवली. मी विचारलं, ‘थर्स्टी’ म्हणजे काय रे? त्याने मला ‘थर्स्टी’चं स्पेलिंग सांगितलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा स्पेलिंग, जरा मोठ्याने. मग मी मराठीत म्हटलं, कावळ्याने मडक्यात खडे का टाकले असतील? तेव्हा पोरगा असा काही सुटला की पाणी कसं वर येतं ते त्याने पेल्यात खडे टाकून दाखवलं.

म्हणजे डोकं चालतंय, पण ज्या भाषेत चालतंय ती शाळेत चालत नाही. त्याच्या शाळेने पालकसभेत सांगितलंय, घरी मुलांशी इंग्रजीत बोला. ताई मला म्हणाल्या, “आता मी त्याच्याशी कमीच बोलते, उगाच माझं ऐकून बिघडायला नको.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. भाषेकडे गुंतवणूक म्हणून बघायला शिकवलं की ज्या भाषेला परतावा नाही ती बोलणारी आई तोट्यात जाते. फी गेली, इंग्रजी आलं नाही, आणि आईशी बोलणंही कमी झालं. याला ‘पालकांची निवड’ म्हणायचं?

वरच्या थरात चित्र वेगळं. तिथे घरात पुस्तकं, इंग्रजी बोलणारे आईवडील, शिकवणीला पैसे. ती मुलं कोणत्याही माध्यमात तरतात आणि मग त्यांच्या यशाचं श्रेय माध्यमाला जातं. तिथे मराठीची अवस्थाही बघा. २०२० मध्ये सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. तीनेक वर्षांत, काही तुकड्यांपुरती का होईना, मराठीला गुणांऐवजी श्रेणी द्यायची सवलत निघाली. ज्या विषयाचे गुण बेरजेत धरत नाहीत तो विषय मूल किती मनावर घेणार, हे कुठल्याही आईला विचारा.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद आहे, पेढे मीही वाटले. पण अभिजात दर्जा भाषेच्या भूतकाळाला मिळतो. तिचं पुढचं कसं होणार ते पहिलीच्या वर्गात कोण शिकवतंय, किती पगारावर शिकवतंय आणि त्या वर्गात किती पोरं बसलीत, यावर ठरतं.

मग करायचं काय? ‘सगळ्यांनी मराठी शाळेत घाला’ असं आवाहन करून मी पालकांच्या डोक्यावर आणखी एक ओझं टाकणार नाही. एकट्या पालकाने मोडक्या शाळेत पोर घालून भाषा वाचवावी, ही अपेक्षाच चुकीची. ती पुन्हा सगळं ‘निवडी’वरच सोडते.

मला वाटतं, मागणी परत तिच्या मूळ पत्त्यावर पाठवायला हवी. इंग्रजी हवंय? हवंच आहे. मग प्रत्येक मराठी शाळेला इंग्रजी शिकवण्यात तयार झालेला, पूर्ण पगाराचा, कायम शिक्षक द्या. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेच्या आधाराने दुसरी भाषा शिकवा. कमी पटाची शाळा बंद करण्याआधी तिथे शेवटचा शिक्षक कधी नेमला होता, ते जाहीर करा. यातलं काहीही नवीन नाही. बरंचसं १८८२ च्या निवेदनात आहे.

आणि एक साधी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती ठेवलीय, आणि तिथे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरलीय. पण कागदावर तरी तिथे पालक गिऱ्हाईक नसतो. तो ठराव करू शकतो, शाळेचा विकास आराखडा मागू शकतो, रिकाम्या जागेबद्दल लेखी विचारू शकतो. तुमच्या गावात, वॉर्डात अशी शाळा असेल तर या जूनमध्ये त्या समितीची बैठक कधी आहे ते विचारा. तुमचं मूल तिथे नसलं तरी शेजारच्या पालकाला सोबत म्हणून जा.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पालकांनाच मराठी शाळा नको आहेत, तर भांडू नका. शांतपणे विचारा, तुमच्या त्या शाळेत शिक्षकांच्या जागा किती मंजूर आहेत आणि भरलेल्या किती? उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट नक्की लिहा.